यांकीज आले चार सामने खेळायला, गेले साडेनऊ मागे

केनमोरकर | ६ ऑगस्ट २०१८

गुरुवार ते रविवार, बोस्टनचं फेनवे पार्क, न्यूयॉर्क यांकीजशी बेसबॉलचे चार सामने, चारही आपल्या बोस्टन रेड सॉक्सचे. १५-७, ४-१, ४-१ आणि काल रात्री दहाव्या इनिंगमध्ये (एरवी नऊच असतात) ५-४. मालिका सुरू झाली तेव्हा यांकीज साडेपाच सामने मागे होते, आज साडेनऊ आहेत. आपले ७९ विजय, ३४ पराभव. आणि ऑगस्ट आत्ता कुठे सुरू होतोय.

आज जिथे बघावं तिथे आपले दोन बॅटर, बेट्स आणि मार्टिनेझ. दोघंही यंदा तुफान खेळतायत, वादच नाही. पण ही मालिका काढली ती बदली कामगारांनी, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठीच हा धागा.

गुरुवारी खरं तर पिचिंगची (बॉल टाकायची) पाळी आपल्या क्रिस सेलची. त्याचा खांदा दुखावला, तो दुखापतीच्या यादीत गेला आणि बॉल आला ब्रायन जॉन्सनच्या हातात. समोर त्यांचा सबाथिया. सुरुवातीला यांकीज पुढे होते आणि शेजारचा एक न्यूयॉर्कर बघून बघून हसत होता (कामाच्या ठिकाणी टीव्हीवर बघत होतो, त्याला पर्याय नसतो). चौथ्या इनिंगमध्ये त्यांनी दुसरा पिचर, जोनाथन होल्डरला आणलं. सात बॅटर आले, होल्डरला एकही आउट मिळाला नाही, सात रन त्याच्या नावावर लागल्या. त्या एका इनिंगमध्ये आपल्या आठ. आणि सामन्यात स्टीव्ह पिअर्सचे तीन होम रन (बॉल थेट कुंपणापार)! पिअर्सला आपण जूनच्या अखेरीस टोरांटोकडून आणला, मुख्यतः डावखुऱ्या पिचरांसमोर उभा करायला. या विभागातले पाचही संघ फिरून झालेत त्याचे. बाल्टिमोर, टँपा, टोरांटो, यांकीज आणि आता आपण. ज्याला कुणीच ठेवून घेतलं नाही, त्याने यांकीजना धुतलं.

शुक्रवारी मी स्वतः ब्लीचर्समध्ये होतो. पहिल्याच इनिंगमध्ये राडा. आपल्या पोर्सेलोचा बॉल त्यांच्या गार्डनरला लागला. आपली बॅटिंग आली तर त्यांच्या सेव्हेरिनोने बेट्सच्या तोंडाजवळून बॉल काढला. अंपायरने दोन्ही बाजूंना ताकीद दिली. आपला मॅनेजर ॲलेक्स कोरा डगआउटमधून बाहेर आला, ताड ताड बोलला, आणि अंपायरने त्याला मैदानाबाहेर काढलं. पहिल्या इनिंगमध्ये मॅनेजर गेला! मला वाटलं आता रात्र वाया.

उलट झालं. पोर्सेलोने ८६ पिचमध्ये पूर्ण सामना संपवला. नऊ इनिंग, एकच हिट, तो यांकीजच्या अंदुहारचा होम रन. एकही वॉक नाही (चार बॉल बाहेर पडले की बॅटर फुकट फर्स्ट बेसवर जातो, तो वॉक). ब्लीचर्समधून पिचची उंची-बिंची काही कळत नाही, पण बॅटरचे पाय दिसतात. पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर यांकीजचे बॅटर स्विंग करून झाल्यावर एक पाऊल मागे सरकत होते, म्हणजे बॉल जिथे येईल वाटलं तिथे येतच नव्हता. तो बॉल हातात घेऊन वेळ काढत नव्हता. कॅचरने परत फेकला की पाय रबरवर (पिचरच्या पट्टीवर), मान खाली, पुढचा. एरवी यांकीज-सॉक्स म्हणजे चार तासांची बेगमी करून जावं लागतं. हा सामना सव्वादोन तासांच्या आसपास आटोपला. शेंगदाण्याची पिशवी अर्धी उरली.

शनिवारी नेथन इव्हाल्डी. त्याला येऊन दोन आठवडेही झाले नाहीत. टँपाकडून घेतला, बदल्यात जेलन बीक्स दिला. दोनदा कोपराचं मोठं ऑपरेशन झालेला माणूस, त्यात माजी यांकी. आठ इनिंग, शून्य रन.

आणि काल. नववी इनिंग, यांकीज ४-१ पुढे, पिचिंगला अरोल्डिस चॅपमन. ज्याच्या एका पिचचा वेग २०१० साली १०५ मैलांच्या वर मोजला गेला तो चॅपमन. घरातले सगळे झोपायला गेले. चॅपमनने वॉक देऊन देऊन बेस भरले. मार्टिनेझच्या हिटवर दोन रन, मग बोगार्ट्सचा साधा सरपटता ग्राउंडर थर्ड बेसकडे, अंदुहारची फेक, फर्स्टवर ग्रेग बर्डला ती सांभाळता आली नाही, ४-४. दहाव्यात बेनिनटेंडीची हिट, सामना खलास. पिचर कोण? पुन्हा होल्डर. बिचारा.

(हो, दोन रन मार्टिनेझच्या, माहितीय. माझा मुद्दा तरी कायम.)

पेठेतला_पक्या | ६ ऑगस्ट

मस्त लिहिलंय. इथे सोमवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास सामना सुरू होतो, दूध आणायला उठतो तर बघून घेतो. पण दोन गोष्टी डोक्यावरून जातात. एक, एकाच संघाशी लागोपाठ चार दिवस का खेळायचं? दोन, "साडेनऊ सामने मागे" म्हणजे काय? अर्धा सामना कसा मागे राहतो?

आकडेपंत | ६ ऑगस्ट

पक्या, हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने. देश एवढा मोठा, रोज विमानाने कुठे फिरणार? म्हणून एका गावी गेलं की तीन किंवा चार सामने उरकायचे, मग पुढचं गाव.

"मागे" चा हिशोब असा. बोस्टन ७९-३४, यांकीज ६८-४२. विजयांतला फरक ११. पराभवांतला फरक ८. बेरीज १९, निम्मे साडेनऊ. दोन्ही संघांचे सामने सारखे झालेले नसतात, त्यामुळे अर्धा येतो. आणि आपसात खेळताना प्रत्येक सामना पूर्ण एकाने फरक पाडतो, कारण आपला विजय तोच त्यांचा पराभव. साडेपाच अधिक चार, साडेनऊ. म्हणूनच अशी मालिका महाग पडते.

केनमोरकर, चार सामन्यांत आपल्या २८ रन, त्यांच्या १३. त्यातल्या १५ एकट्या गुरुवारच्या. म्हणजे उरलेले तीन सामने बॅटिंगने नाही, पिचिंगने जिंकलेत. तुमच्या बदली कामगारांत पिअर्सपेक्षा इव्हाल्डीचं नाव आधी घ्या.

हडसनपार | ६ ऑगस्ट

जर्सीतून एक दुःखी यांकी फॅन हजर आहे. हाणा, हाणून घ्या.

पण जरा थंड डोक्याने बघा. ॲरन जज नाही, २६ जुलैला मनगटावर बॉल बसून हाड मोडलं. गॅरी सांचेझ नाही. शनिवारी पिच करायचा होता जे. ए. हॅप, त्यालाही आम्ही नुकताच टोरांटोकडून आणलाय. त्याला काय झालं? लहान पोरांना बालवाडीत होतो ना, तो हात-पाय-तोंडाचा आजार! पस्तिशीतला माणूस! त्यामुळे चान्स ॲडम्सला आयुष्यातला पहिला मोठा सामना फेनवेवर खेळावा लागला. बदली कामगार आमच्याकडेही होते हो, फक्त आमचे जरा जास्तच बदली होते.

आणि अंदुहारबद्दल कुणी वाकडं बोलायचं नाही. पहिलाच हंगाम आहे पोराचा. पोर्सेलोला अख्ख्या रात्रीत हात लावला तो एकट्याने.

केनमोरकर | ६ ऑगस्ट

हॅपचं ऐकून आमच्याकडे पण सगळे हसले, खोटं कशाला सांगू. पण राव, दुखापतींचं रडगाणं आमच्यासमोर? सेल नाही, डेव्हर्सची मांडी दुखावलेली, पेद्रोयाचा गुडघा जवळपास अख्खा हंगाम खातोय. किन्सलरला आणला, आठवडा झाला नाही तोच तोही यादीत.

खानदेशकन्या | ६ ऑगस्ट

जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळले आहे, कॅचर होते. आमच्याकडे सॉफ्टबॉलचं वेड होतं, जिल्ह्याच्या सामन्यांना मैदानाच्या कडेला उभं राहायला जागा नसायची. त्यामुळे त्या शेवटच्या फेकीवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

थर्ड बेसवरून फर्स्टला फेक म्हणजे मैदानातली सगळ्यात लांब रोजची फेक. बॉल हातात आला की दोन पर्याय. पाय जुळवून, खांदा फर्स्टकडे वळवून फेकायचं, यात अर्धा सेकंद जातो. किंवा आहे तसं वाकलेल्या अंगाने सोडायचं, यात बॉल खाली जातो. आमचे सर दुसऱ्या प्रकाराला "घाबरट फेक" म्हणायचे. नववी इनिंग, फेनवेचा तो कल्लोळ, नवखा खेळाडू. मला त्याचा राग नाही आला, पोटात खड्डा पडला.

चूक कुणाची म्हणाल तर मी चॅपमनची म्हणेन. तीन रनांची आघाडी असताना बेस वॉकने भरायचे? समोरच्याला होम रन मारू दे, तरी दोनने पुढे राहतोस. क्लोजरने (सामना संपवायला येणाऱ्या पिचरने) बॉल प्लेटवर टाकायचा असतो, बाकी मागचे आठ जण बघतात.

केंब्रिजकाका | ७ ऑगस्ट

तुम्हा मुलांचा उत्साह बघून बरं वाटलं. पण साडेनऊवर पेढे वाटू नका, एवढंच सांगायला आलो.

मी शिकायला इथे आलो ते सत्तरच्या दशकात. बेसबॉल कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, लॅबमधल्या मित्राने वेड लावलं. १९७८ च्या जुलैत यांकीज आपल्या १४ सामने मागे होते. चौदा! सप्टेंबरच्या ७ ते १० तारखांना ते फेनवेवर चार सामने खेळायला आले. १५-३, १३-२, ७-०, ७-४. एकूण ४२ विरुद्ध ९. आले तेव्हा चार मागे, गेले तेव्हा बरोबरीत. इथली वर्तमानपत्रं त्याला आजही 'बोस्टन मॅसॅकर' म्हणतात. हंगामाअखेर दोघं समान, म्हणून २ ऑक्टोबरला एक जादा सामना ठेवला, तोही फेनवेवरच. बकी डेंट नावाच्या त्यांच्या शॉर्टस्टॉपने, ज्याच्याकडून कुणाला अपेक्षा नव्हती, डाव्या बाजूच्या हिरव्या भिंतीवरून तीन रनांचा होम रन मारला. ५-४ ने हरलो.

त्या भिंतीचं वैशिष्ट्य सांगतो, पक्याला उपयोगी पडेल. ३७ फूट उंच आहे, पण होम प्लेटपासून फक्त ३१० फुटांवर. दुसऱ्या मैदानात जो बॉल आरामात कॅच होईल तो इथे भिंतीवर आपटतो नाहीतर पार जातो. डेंटचा बॉल तसलाच.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तर पाचच्या पाच सामने हरलोय त्यांच्याकडून, याच मैदानावर. २०११ चा सप्टेंबर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. वाइल्ड कार्डच्या (विभाग न जिंकताही प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, नेणाऱ्या जागेच्या) शर्यतीत नऊ सामने पुढे होतो, महिन्यात २७ पैकी २० हरलो आणि बाहेर. तेव्हा जपून.

आकडेपंत | ७ ऑगस्ट

काका, १९७८ ला एका सामन्यात पाच-पाच पिचर वापरत नव्हते हो, आणि तुमचा तो संघ दुखापतींनी खिळखिळा झाला होता. या संघाला उरलेल्या ४९ पैकी निम्मे जरी जिंकता आले तरी शंभरीच्या वर जाईल. यांकीजना गाठायचं तर त्यांच्या ५२ पैकी ३५-३६ जिंकावे लागतील.

केंब्रिजकाका | ७ ऑगस्ट

आकडे १९७८ लाही होतेच की.

हडसनपार | ७ ऑगस्ट

काका, तुम्ही आमच्यात या. 🙂

पेठेतला_पक्या | ७ ऑगस्ट

काका, ती भिंत टीव्हीवर दिसते. पण मागे एकाने लिहिलं होतं की मैदानाबाहेरच्या रस्त्याचं नाव बदललं म्हणून. यॉकी वे होतं ना?

केनमोरकर | ७ ऑगस्ट

याच एप्रिलपासून पुन्हा जर्सी स्ट्रीट झालाय, जुनं नाव तेच होतं. टॉम यॉकी संघाचा मालक होता, पण त्याच्या काळात रेड सॉक्सने कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो सगळ्यात शेवटी, १९५९ साली, पम्प्सी ग्रीन. जॅकी रॉबिन्सन खेळायला लागला त्यानंतर १२ वर्षांनी. लाज वाटावी अशीच गोष्ट आहे. नाव बदललं ते उत्तम झालं. शुक्रवारी त्या पाटीखाली सॉसेजच्या गाडीसमोर उभे होतो तर मागचे दोन आजोबा अजून "यॉकी वे"च म्हणत होते, सवय.

विषयाकडे येतो. खानदेशकन्या, चॅपमनबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या क्लोजर किंब्रेललाही हाच रोग आहे, त्यामुळे आत्ता जास्त हसत नाही.

हडसनपार | ७ ऑक्टोबर २०१८

धागा वर काढतोय, कारण आज माझा दिवस आहे. प्लेऑफमध्ये १-१! काल तुमच्या घरी ६-२. सांचेझचे दोन होम रन, तुमचा पिचर प्राइस पुन्हा आमच्यासमोर गार. आणि जजने जाता जाता तुमच्या ड्रेसिंग रूमसमोरून न्यूयॉर्कचं गाणं मोठ्ठ्याने वाजवत नेलं, बघितलंत ना? आता पुढचे दोन आमच्या मैदानावर, ब्राँक्समध्ये.

केनमोरकर | ७ ऑक्टोबर

बघितलं. आमच्या मुलांनीही बघितलं. सोमवारी इव्हाल्डी आहे.

केनमोरकर | ९ ऑक्टोबर

१६-१. तुमच्या मैदानावर. इव्हाल्डी सात इनिंग, एक रन. आपल्या ब्रॉक होल्टने सिंगल, डबल, ट्रिपल (एक, दोन, तीन बेसची हिट), होम रन चारही एकाच सामन्यात मारले. प्लेऑफच्या इतिहासात आजवर कुणाला जमलं नव्हतं. होल्ट! जो रोज संघात पण नसतो!

केनमोरकर | १० ऑक्टोबर

४-३. मालिका आपली. आतमध्ये आमची मुलं तेच गाणं म्हणत होती म्हणे.

हडसनपार | १० ऑक्टोबर

शंभर सामने जिंकून पण घरी बसायचं, तेही तुमच्या हातून. जजने ते स्पीकर प्रकरण करायला नको होतं. अभिनंदन. एवढंच लिहितो, पोट दुखतंय.

पेठेतला_पक्या | २७ ऑक्टोबर

वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) तिसरा सामना, हे काय होतं? शनिवारी सकाळी पावणेसहाच्या सुमाराला लावला, दुपारी एकला संपला! आईने दोनदा चहा दिला, एकदा जेवायला वाढलं. १८ इनिंग, सात तास वीस मिनिटं, आणि शेवटी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या मन्सीचा होम रन. हरलो.

आकडेपंत | २७ ऑक्टोबर

वर्ल्ड सिरीजमधला आजवरचा सगळ्यात लांबलेला सामना. इव्हाल्डी बाराव्या इनिंगला आला आणि एकट्याने सहा इनिंग खेचल्या. ९७ पिच. तेही आधीच्या दोन्ही सामन्यांत बॉल टाकून झाल्यावर. हरूनही सगळा संघ त्याच्यासाठी उभा राहिला. पोर्सेलोला रडू आलं म्हणे.

खानदेशकन्या | २७ ऑक्टोबर

मी पण रडले. हरलेला पिचर बघून एवढी कधीच रडले नव्हते. उद्या हे लोक पेटून उठणार बघा.

केनमोरकर | २९ ऑक्टोबर

पेटले. शनिवारी ०-४ मागे होतो. डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने पिचर रिच हिल मस्त टाकत असताना त्याला काढला आणि बुलपेनने (राखीव पिचरांनी) सगळं सांडलं. हाच रॉबर्ट्स २००४ साली आपल्याकडे होता, यांकीजच्या रिव्हेराच्या नाकावर टिच्चून सेकंड बेस चोरला होता. त्याने एकाच जन्मात आपल्याला दोनदा मदत केली असं म्हणायला हरकत नाही. ९-६. आठव्यात बरोबरी करणारा होम रन कुणाचा? पिअर्स. नवव्यात तीन रनांचा डबल कुणाचा? पिअर्स. काल पाचव्या सामन्यात दोन होम रन कुणाचे? विचारूच नका. ५-१, चषक आपला, आणि मालिकेचा मानकरी स्टीव्ह पिअर्स.

ऑगस्टमध्ये मी काय लिहिलं होतं ते वर आहे, वाचा.

केंब्रिजकाका | २९ ऑक्टोबर

वाचलं. या वेळी मीच पेढे आणतो. रविवारी मंडळाच्या कार्यक्रमाला कोण कोण येतंय?

आकडेपंत | १० डिसेंबर

आपले नवे करार: पिअर्सला एक वर्ष, साडेबासष्ट लाख डॉलर. इव्हाल्डीला चार वर्षं, ६ कोटी ७५ लाख. पिअर्सचं ठीक. इव्हाल्डीचं कोपर दोनदा उघडलेलं आहे आणि चार वर्षं म्हणजे फार झाली. एका ऑक्टोबरचे पैसे चार वर्षं मोजायचे का?

खानदेशकन्या | १० डिसेंबर

मोजायचे.

केनमोरकर | १० डिसेंबर

मोजायचेच. तो दुसऱ्या कुणाकडे जाऊन फेनवेवर आपल्यालाच आठ इनिंग शून्यावर ठेवून गेला असता तर?

हडसनपार | ११ डिसेंबर

आमच्याकडे होता हो तो. २०१६ ला कोपर गेलं आणि आम्ही सोडून दिला. आकडेपंत, तुमच्यासारखीच आकडेमोड केली असणार कुणीतरी.

आकडेपंत | ११ डिसेंबर

तेव्हा ती बरोबरच होती! अख्खं २०१७ तो खेळला नाही. कोपर उघडलेल्या पिचरला पगार देऊन घरी बसवणं कुणाला परवडतं?

हडसनपार | ११ डिसेंबर

यांकीजना.